जिप्सम की चुनखडी? खनिजांची निर्मिती आणि पारख

चोपण जमीन सुधारण्याकरिता जिप्सम वापरावे, हे बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. परंतु जिप्सम, चुनखडी व गारगोटी ही तिन्ही पांढरी दिसत असल्यामुळे नुसत्या रंगावरून त्यांची पारख होत नाही. जिप्समऐवजी चुनखडी जमिनीत पडल्यास पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात.

निसर्गात तयार झालेल्या, ठराविक रासायनिक घटना व अणूंची ठराविक मांडणी असलेल्या घन पदार्थास खनिज म्हणतात. काही खनिजे तप्त शिलारस थिजून, काही पाण्यात विरघळलेली द्रव्ये साचून, तर काही भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे तयार होतात. महाराष्ट्रातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी शिलारस थिजून बनला. त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइट यांचे स्फटिक वाढले. काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडे याहून निराळ्या रीतीने बनतात. पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना खाली उतरतो व जमीन वाळताना खालच्या थरांत साचतो. जिप्सम मुख्यत्वे खारे पाणी आटून तयार होते. राजस्थानात त्याचे मोठे साठे आहेत.

खनिजाची पारख पुढील गुणांवरून करावी.

कठिनता : जर्मन शास्त्रज्ञ मोस यांच्या १ ते १० अंकांच्या श्रेणीत जिप्समची कठिनता २, कॅल्साइटची ३ व गारगोटीची ७ आहे. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो. कॅल्साइटवर नख चालत नाही, चाकू चालतो. गारगोटीवर चाकूही चालत नाही. उलट ती काचेवर ओरखडा काढते.

फुटण्याची रीत : स्फटिकरूप जिप्समचे पातळ पापुद्रे निघतात. कॅल्साइटचे तिरकस बाजूंचे तुकडे होतात. गारगोटी काचेप्रमाणे वेडीवाकडी फुटते.

आम्लाची क्रिया : खनिजाची पूड करून तीवर लिंबाचा रस टाकावा. चुनखडी असल्यास बुडबुडे येतात. शुद्ध जिप्सम व गारगोटी यांतून ते येत नाहीत.

या फरकाचे शेतीत महत्त्व असे : चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, त्यामुळे माती चिकण व अपारगम्य बनते. तो हटविण्यास पाण्यात विरघळलेले कॅल्शियम लागते. एक लिटर पाण्यात जिप्सम सुमारे दोन ग्रॅम विरघळते. चुनखडी स्वच्छ पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही विरघळत नाही. म्हणून चुनखडीत कॅल्शियम भरपूर असूनही चोपण जमिनीस तिचा तितका उपयोग होत नाही. हटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जावा लागतो. यास्तव निचऱ्याचे चर आधी काढावेत.

वरील कसोट्यांनी खनिजाची जात कळते, शुद्धतेचे प्रमाण कळत नाही. पुडीतून जोराने बुडबुडे आल्यास तीत चुना मिसळला असल्याचे समजावे व नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जिप्समची मात्राही माती परीक्षणावरूनच ठरवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिन्ही खनिजांचे एकेक नमुने जवळ ठेवून शेतकऱ्यांना खरेदीपूर्वी ही पारख प्रत्यक्ष करून दाखवावी.