बेकन आणि घरातील ज्येष्ठ : प्रश्न शिजवण्याचा

वसई परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना नाताळच्या सुमारास एक प्रश्न मला हटकून विचारला जातो : ‘‘डॉक्टर, डॅडींना बेकन दिले तर चालेल का?’’ अनेक वर्षे मी ‘‘नको’’ एवढेच उत्तर देऊन मोकळा होत असे. आता मी उलट विचारतो, ‘‘तुम्ही ते शिजवता कसे?’’

हा बदल एका निवृत्त मास्तरांमुळे झाला. वय 79, हृदयाची शक्ती क्षीण झालेली, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू. रविवारच्या मिस्सानंतर बेकन आणि अंडी ही त्यांची तरुणपणापासूनची न्याहारी. चार-पाच पट्ट्या काळपट होईपर्यंत तळायच्या आणि सुटलेल्या चरबीतच अंडी करायची. एका सोमवारी ते पायांवर सूज आणि धाप घेऊन आले. रुग्णालयात ठेवावे लागले. मी बेकनच काय, चवीचे बहुतेक सारे पदार्थ बंद करविले. दोन महिन्यांनी सूज नव्हती, पण वजन चार किलोंनी उतरले होते. सूनबाई म्हणाल्या, ‘‘अळणी ताट ते पुढ्यातून सारतात.’’ उतारवयात अन्नावरची वासना उडणे हा लहान आजार नव्हे. माझे पथ्य त्यांना उपाशी ठेवत होते, हे मला उशिरा उमगले.

बेकन म्हणजे मीठ व नायट्राइट लावून मुरवलेले, बहुधा धुरावलेले डुकराचे मांस. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे 2000 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम घ्यावे. शिजलेल्या एका पातळ पट्टीतून साधारण 150 ते 200 मिलिग्रॅम सोडियम मिळते. पाच पट्ट्यांत निम्म्या दिवसाचे मीठ न्याहारीलाच संपते, आणि पाव, अंड्यावरची चिमूट, लोणचे हे सारे वेगळेच. (शाकाहारी वाचकांनी येथे फार समाधान मानू नये, पापड-लोणच्याचा हिशेब काही निराळा नसतो.)

दुसरी बाब कर्करोगाची. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते, असा तिचा अंदाज आहे. हे प्रमाण रोजच्या सेवनाचे आहे, हे ध्यानात घ्यावे. महिन्यातून दोनदा खाणाऱ्याने घाबरून जाऊ नये. मात्र तीव्र आचेवर नायट्राइटपासून नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्ये तयार होतात, आणि ती सुटलेल्या चरबीतही उतरतात. मास्तरांची अंडी नेमकी त्याच चरबीत होत असत.

ज्येष्ठांसाठी मी सुचवितो ती रीत अशी. पट्ट्या पसरट भांड्यात ठेवून त्या बुडतील एवढे थंड पाणी घालावे, मंद उकळी आणून तीन-चार मिनिटे ठेवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. काही मीठ त्याबरोबर जाते; सगळे जात नाही, म्हणून पट्ट्यांची संख्या वाढवू नये. मग पट्ट्या टिपून थंड तव्यावर ठेवाव्यात आणि मंद आच लावावी. तवा आधी तापवला तर बाहेरची बाजू करपते आणि चरबी आतच राहते. हळूहळू तापवल्यास ती वितळून बाहेर येते. पट्ट्या सोनेरी झाल्या की उतरवाव्यात, काळ्या होऊ देऊ नयेत. तेल मुळीच लागत नाही.

ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, त्यांना ओव्हन सोयीचा. काठ असलेल्या ट्रेमध्ये पट्ट्या एका थरात मांडून 200 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवाव्यात. दहा मिनिटांनंतर लक्ष ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये टिशूच्या दोन थरांत एक पट्टी साधारण मिनिटभरात होते, आणि तव्यावर तळण्याच्या मानाने नायट्रोसामाइनही कमी तयार होतात. मात्र चरबी टिपायला वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई अन्नाला लागते.

सुटलेली चरबी निवल्यावर टाकून द्यावी. ती पेटलीच तर पाणी ओतू नये, गॅस बंद करून झाकण घालावे. उडालेल्या थेंबाने भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट लावून आलेले हात मला आजही पाहावे लागतात!

पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्यांना कुरकुरीत बेकन देऊ नये. त्याचा कोरडा चुरा श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. इतरांची कवळी सैल असेल तर मऊ शिजवलेले बेकन बारीक चिरून, मीठ न घातलेल्या ओलसर अंड्यात मिसळावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या पाकिटातही काही वेळा पोटॅशियमचा क्षार असतो. अशा रुग्णांना व हृदयविकारासाठी पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तो बाधू शकतो.

मास्तरांशी मग आमचा करार झाला : एक रविवार सोडून एक रविवार, दोन पट्ट्या, उकळून घेतलेल्या; त्या दिवशी लोणचे नाही, डाळीत मीठ निम्मे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचे आणि ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता मला फोन.

पहिल्या रविवारी त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि ‘‘ही तर आजाऱ्याची आहे’’ म्हणून नापसंती दर्शविली. सूनबाईंनी सांगितले, तरी ताटात काही उरले नव्हते. गेल्या तीन महिन्यांत वजन दोन किलोंनी भरून आले आहे, पाय कोरडे आहेत. तिसऱ्या पट्टीची मागणी ते दर भेटीत करतात. मी अद्याप ती मान्य केलेली नाही.