सकाळचा पहिला खडखडाट : जुन्या गाडीचं इंजिन काय सांगतं?

डिसेंबर-जानेवारीत विद्यानगरात पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. शाळा-ऑफिसच्या वेळेला गल्लीतल्या गाड्या एकेक करून सुरू होतात आणि जुनी गाडी कोणती, ते आवाजावरून लगेच कळतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात बाबांनी हौसेनं घेतलेली अशी एक गाडी आहे. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. त्या वेळी घरात एकच प्रश्न असतो : गाडी ठेवायची की काढायची?

त्यात इंजिन सकाळी आवाज करत असेल, तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "इंजिन खोलावं लागेल." दोन, "जाड ऑईल टाका, आवाज बंद होईल." पहिल्यात हजारो रुपये जातात आणि दुसऱ्यात कदाचित इंजिनच. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण बग शोधण्याची आमची रीत इथेही चालते : आधी तो नेमका कधी येतो ते पाहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सकाळीच का?

रात्रभर उभ्या गाडीतलं ऑईल वरच्या भागांतून निथळून खाली चेंबरमध्ये जमतं. सकाळी सेल्फ मारला की पंपाला ते पुन्हा वर पोचवावं लागतं. तेवढे एक-दोन सेकंद वरचे भाग मागे उरलेल्या पातळ थरावर चालतात. शिवाय थंड धातू आकसलेला असतो, त्यामुळे काही फटी मोठ्या असतात. म्हणून थोडा आवाज होणं हा आजार नव्हे. तो किती वेळ टिकतो, कुठून येतो आणि गरम झाल्यावर त्याचं काय होतं, यावर निदान ठरतं.

आवाज ओळखा

• *सुरू करताच एक-दोन सेकंद खडखड, मग शांत* : इंजिनात टायमिंग चेन असेल, तर तिचा ताण धरणाऱ्या टेन्शनरला ऑईल उशिरा पोचतंय. चेन ढिली झालेली असू शकते किंवा ऑईल फिल्टरची झडप गळत असू शकते. मारुती ८०० मध्ये चेन नसून बेल्ट होता, त्यामुळे तिथे कारण वेगळं शोधावं लागतं.

• *वरून एकसारखी बारीक टकटक* : टॅपेट. ८०० सारख्या इंजिनात ही फट स्क्रूने जुळवता येते. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. हायड्रॉलिक टॅपेट असतील, तर ते ऑईलने भरेपर्यंत वाजतात.

• *पोकळ खटखट, गाडी तापली की गायब* : पिस्टन आणि बोअरमधली फट वाढली आहे. पिस्टन गरम होऊन फुगला की आवाज थांबतो. अशा गाड्या पुढे अनेक वर्षं चालू शकतात.

• *टिकटिक किंवा फुसफुस, गरम झाल्यावर कमी* : एक्झॉस्टचं गॅस्केट तपासा.

• *चिरका किंचाळल्यासारखा आवाज* : बाहेरचा बेल्ट. इंजिन खोलण्याचा इथे काही संबंध नाही.

• *खालून जड ठोके, गाडी तापल्यावरही चालू, रेस केल्यावर वाढणारे* : बेअरिंग. गाडी बंद करा आणि टो करून न्या.

सकाळी सुरू करतानाच मोबाईलवर व्हिडिओ घ्या. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी तापते आणि आवाज पळतो. मग दोष मेकॅनिकचा नाही आणि तुमचाही नाही.

आमच्या घरची पेट्रोल गाडी चौदा वर्षांची. रोज सकाळी दोन सेकंद खडखडायची. एका गॅरेजने चेन बदलायचा अंदाज दिला. आठवडाभर मी नोंद ठेवली : रात्रभर उभी राहिली तरच आवाज, दोन तासांनी पुन्हा सुरू केली तर अजिबात नाही. म्हणजे ऑईल निथळण्याशी याचा संबंध असणार. ऑईल दोन महिन्यांपूर्वीच बदललेलं होतं, म्हणून फक्त फिल्टर बदलला आणि सांडलेलं ऑईल भरून काढलं. फिल्टरमध्ये रबराची छोटी झडप असते, जी ऑईल मागे जाऊ देत नाही. नवा चांगला फिल्टर तीनशे रुपयांच्या आत आला. दुसऱ्या दिवसापासून खडखड थांबली. आवाज तसाच राहिला असता, तर पुढची पायरी चेनच होती. पण ती पहिली पायरी नव्हती.

डब्यावरचे आकडे

१५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो, दुसरा शंभर अंशांवरचा घट्टपणा. '४०' म्हणजे शंभर अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक, '३०' म्हणजे ९.३ ते १२.५. थंडीची चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूसाठी उणे २० वर, २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर.

"आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" खरं आहे. पण शंभर अंशांवर चालणाऱ्या इंजिनाच्या दृष्टीने आपली मे महिन्यातली सकाळही थंडच. चाळीस अंशांनासुद्धा १५डब्ल्यू-४० साधारण ११० सेंटीस्टोक असतं, तर ५डब्ल्यू-३० साठच्या आसपास. जाड ऑईल आवाज दाबतं, पण वर पोचायला जास्त वेळ घेतं. झीज व्हायची भीती नेमकी त्याच सेकंदांत असते. म्हणजे कान सुखावतात आणि इंजिन सोसतं.

म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात तापमानानुसार बहुधा एकाहून जास्त ग्रेड दिलेले असतात. चेनचा किंवा हायड्रॉलिक टॅपेटचा आवाज असेल, तर त्यातला थंडीत पातळ राहणारा ग्रेड घ्या. ऑईल जळत असेल, लांबच्या प्रवासानंतर पातळी उतरत असेल, तर त्याच यादीतला गरमीत घट्ट राहणारा ग्रेड चालेल. यादीबाहेर जाऊ नका. पेट्रोलसाठी डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी असं एस-पासूनचं मानक पाहा, डिझेलसाठी सी-पासूनचं.

रोजची सवय

महिन्यातून एकदा, सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल, तर वरची सगळी चर्चा थांबवून आधी ऑईल भरा. गाडी फक्त विद्यानगर ते दुर्गद बैल एवढीच फिरत असेल, तर ती नीट तापतच नाही; ऑईलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठतं. अशा गाडीचं ऑईल किलोमीटर न मोजता वर्षातून एकदा बदला आणि अधूनमधून तिला बेळगावपर्यंत तरी फिरवून आणा. सकाळी सुरू केल्यावर रेस करू नका, दहा मिनिटं उभीही ठेवू नका. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

आणि ऑईलचा लाल दिवा सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. आवाजाचा विचार आठवडाभर करता येतो, त्या दिव्याचा नाही.