ओळख मेंदूची – भाग ४ : कवटीच्या आत, मणक्यांच्या आत

विद्यार्थी मित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण चेतापेशी कशी काम करते ते पाहिले. अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी तुमच्या मेंदूत आहेत. त्या राहतात कुठे आणि त्यांना कोण सांभाळते, हा आजचा विषय.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली प्लास्टिकची प्रतिकृती हातात घेतली की तो टणक असेल असे वाटते. जिवंत मेंदू मात्र खरवसासारखा मऊ असतो. इतका मऊ अवयव नुसता कवटीत ठेवला, तर स्वतःच्याच वजनाने दबेल. म्हणून तो तरंगत असतो. त्याच्याभोवती तीन आवरणे असतात आणि आतल्या दोन आवरणांमध्ये पाण्यासारखा पातळ, स्वच्छ द्रव असतो. मेंदूच्या आत-बाहेर आणि पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूभोवती मिळून हा द्रव असतो सुमारे १५० मिलिलिटर. पण शरीर रोज जवळजवळ अर्धा लिटर नवा द्रव तयार करते. म्हणजे दिवसातून तीनदा तरी तो बदलला जातो! या द्रवात तरंगणाऱ्या मेंदूचे वजन जेमतेम ५० ग्रॅम असल्यासारखे भासते. शरीरातली इतकी सुंदर योजना मला दुसरी माहीत नाही.

मेंदूचे तीन मुख्य भाग तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेतच. ते घोकण्यापेक्षा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांना आठवा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर, म्हणजे मैदानाच्या २५ फेऱ्या धावून त्यांनी कांस्यपदक मिळवले. वेग कधी वाढवायचा हे ठरवतो तो मोठा मेंदू. वळणावर तोल सांभाळून पावलापावलाचा मेळ घालतो तो लहान मेंदू. आणि पायांना प्राणवायू कमी पडू नये म्हणून श्वास व हृदयाचे ठोके राखते ते मस्तिष्कपुच्छ, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

आता धोक्याविषयी. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी सुरू केली होती. तेव्हा पंपांवर पुष्कळ वादावादी झाली. कवटी असताना हेल्मेट कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. उत्तर असे : गाडी आदळून डोके एकदम थांबते, पण आतला तरंगता मेंदू लगेच थांबत नाही. तो पुढे जाऊन कवटीवर आपटतो, कधी गर्रकन फिरतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. कवटीला तडा न जाताही हे घडू शकते. हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा जाड थर आदळताना दबतो, त्यामुळे डोके थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो आणि धक्का कमी होतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातातून गेलेले हेल्मेट बदलायलाच हवे. मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. मागे बसणारे तुम्हीही त्यात आलात.

मेंदूपासून खाली निघतो मेरुरज्जू. मोठ्या माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो, करंगळीएवढा जाड, आणि त्यातून चेतांच्या ३१ जोड्या फुटतात. पाठीच्या कण्याची पूर्ण लांबी तो व्यापत नाही, कमरेच्या वरच्या भागातच संपतो. म्हणून तपासणीसाठी द्रव काढताना डॉक्टर सुई त्याच्याही खाली, कमरेत टोचतात. तिथे रज्जूला इजा व्हायची भीती नसते.

मानेत मात्र हा रज्जू फार जपावा लागतो. श्वासपटल हलवणाऱ्या चेता मानेतूनच, तिसऱ्या ते पाचव्या जोडीतून निघतात. इथे जबर मार लागला, तर हातपाय लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. बोट कापले तर जखम भरते. तुटलेला मेरुरज्जू तसा भरून येत नाही. गोदाघाटावर डोके खाली करून सूर मारणारी मुले पाहिली की माझ्या जिवाचे पाणी होते. पूर किती चढला हे घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळते. पण गढूळ पाण्याखाली दगड किती जवळ आहे, ते कुणालाच कळत नाही.

तेव्हा ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, तिथे सूर मारू नका, मित्रालाही मारू देऊ नका. पडलेल्याच्या मानेला मार लागल्याची शंका आली, तर त्याला ओढून उभे करू नका. मान स्थिर धरा आणि १०८ वर फोन करा. तापलेल्या तव्यावरून हात मागे घेण्याचा निर्णय मेंदूला न विचारता हा मेरुरज्जू कसा घेतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.