प्रकाशाचा हिशेब (लेखांक ९) : एका टॉर्चमध्ये हजार गॅसबत्त्या?

वाराणसीहून एका मराठी वाचकाचं पत्र आलंय. ते दरवर्षी गंगेपलीकडे रामनगरच्या रामलीलेला जातात. रात्री परतण्यासाठी त्यांनी रिचार्जेबल टॉर्च घेतली. खोक्यावर छापलंय : ५ लाख कँडलपॉवर, १०० वॉट, पल्ला २ किलोमीटर, सलग ६ तास. लीलेतली गॅसबत्ती ५०० कँडलपॉवरची. मग ही टॉर्च हजार गॅसबत्त्यांच्या बरोबरीची का, असं ते विचारतात.

हा प्रश्न रामनगरच्या लीलेवरूनच यावा! महिनाभर चालणाऱ्या त्या लीलेत आजही विजेचे दिवे नाहीत, माइक नाही. उजेड मशालींचा आणि पेट्रोमॅक्स गॅसबत्त्यांचा, आरतीच्या वेळी महताबांचा, म्हणजे चंद्रज्योतींचा.

पेट्रोमॅक्सचा ५०० हा आकडा मूळ जर्मन कंपनीचा, हेफ्नर कँडल या जुन्या एककातला. एक हेफ्नर म्हणजे सुमारे ०.९ कँडेला. म्हणजे बत्ती झाली ४५० कँडेलाची, पण चहूबाजूंनी. कँडेला हे एका दिशेतल्या तीव्रतेचं माप आहे; एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात. सगळ्या दिशा धरून ४५० ला १२.५७ ने गुणलं, की साडेपाच हजार लुमेनच्या वर जातो. खाली टाकी, वर टोपी, त्यामुळे प्रत्यक्षात बराच कमी. तरी मैदानातल्या माणसांचे चेहरे दिसतात ते या पसरलेल्या उजेडामुळे.

टॉर्च थोडेच लुमेन एका अरुंद झोतात गोळा करते. १००० लुमेनचे ५ लाख कँडेला करायचे तर सगळा उजेड तीन अंशांहूनही अरुंद शंकूत कोंबावा लागेल. त्याला मोठा, अचूक रिफ्लेक्टर हवा. मुठीत मावणाऱ्या स्वस्त टॉर्चकडून ती अपेक्षा मी ठेवणार नाही.

पल्ल्याचा दावा तर खोक्यावरच खोटा पडतो. २००९च्या अमेरिकी मानकानुसार झोत पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथे पल्ला संपतो. मीटरमधल्या पल्ल्याचा वर्ग करून चारने भागा, लागणारे कँडेला मिळतात. २ किलोमीटरला १० लाख लागतात. छापलेत ५ लाख.

आता वॉट. हा आकडा दिवा दर सेकंदाला किती ऊर्जा खातो ते सांगतो. पेट्रोमॅक्स लिटरभर रॉकेलवर सुमारे आठ तास जळते, म्हणजे हजार वॉटहून जास्त खाते. त्यातली बहुतेक उष्णता होते. टॉर्चमध्ये वाचकांना १८६५० आकाराचा एकच सेल सापडला, त्यावर ९९०० एमएएच. या आकाराचे चांगले सेलसुद्धा ३५००च्या आसपास थांबतात. ३.७ व्होल्टने गुणा : १३ वॉट-तास. १०० वॉटने तो आठ मिनिटांत रिकामा होईल. सहा तास खरे मानले तर सरासरी दोन वॉट. वॉटला १०० लुमेन धरून सुमारे २०० लुमेन.

म्हणून या वाचकांना माझा सल्ला : टॉर्च टाकून देऊ नका. पायाखालचा रस्ता पाहायला २०० लुमेन भरपूर होतात. फक्त काचेवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवा, झोत पसरेल. आणि लीला चालू असेपर्यंत ती खिशातच राहू द्या.