‘रिपोर्ट नॉर्मल’, तरीही पोटात कळ

डेन्मार्कच्या मध्य भागात २००६ ते २०११ या काळात वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांना काही वर्षांनी एक प्रश्नावली पाठवण्यात आली. १,४२९ जणांनी ती भरून दिली आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपली तब्येत आधीपेक्षा बरी आहे, असं सुमारे ८७ टक्के लोकांनी सांगितलं. मात्र प्रश्नावली भरलेल्यांपैकीच ८८ टक्क्यांहून अधिक जणांना काही ना काही त्रास होता आणि ३४ टक्क्यांना पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जावं लागलं होतं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. पण वजन उतरलेल्या माणसानं पोट दुखतंय म्हटलं की आपल्याला त्यातला एकच ऐकू येतो. ‘आता काय, छान बारीक झालास की!’ असं म्हणून विषय संपवला जातो. दुखणं चालूच राहिलं तर सोनोग्राफी होते, रक्ताच्या तपासण्या होतात, दुर्बीण घालून पाहिलं जातं, आणि सगळं ‘नॉर्मल’ आलं की प्रकरण गॅसेस, टेन्शन किंवा ‘मनाचे खेळ’ यांच्या खात्यात जमा होतं. रिपोर्ट नॉर्मल येणं ही त्या तपासणीबद्दलची माहिती असते. दुखण्याबद्दल ती फार थोडं सांगते, आणि या शस्त्रक्रियेनंतर तर त्याहून थोडं.

असं होण्याचं कारण शरीररचनेत आहे. बायपासमध्ये जठराचा जेमतेम अर्ध्या वाटीपेक्षाही लहान असा कप्पा वेगळा काढून तो लहान आतड्याला थेट जोडतात. उरलेलं मोठं जठर पोटातच राहतं, फक्त त्यात अन्न जात नाही. नेहमीची एंडोस्कोपी त्या लहान कप्प्यातून पुढे आतड्यात उतरते. बाजूला पडलेल्या जठरापर्यंत तिचा कॅमेरा सहसा पोचतच नाही. तिथं व्रण झाला असेल तर रिपोर्टमध्ये तो दिसणार कुठून? पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याचं तेच, कारण तोंडातून तिथं जाण्याची नेहमीची वाट ऑपरेशननं लांब आणि वळणाची करून टाकलेली असते. सर्वांत फसवा प्रकार आहे आतल्या हर्नियाचा. आतड्याची मांडणी बदलताना त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी तयार होतात. यातली एक फट ज्यांच्या नावानं ओळखली जाते, त्या जर्मन शल्यचिकित्सक वॉल्टर पीटरसन यांनी तिच्याविषयी १९०० सालीच लिहून ठेवलं आहे. वजन उतरतं तशी पडद्यांमधली चरबीही झडते आणि फटी रुंदावतात. म्हणजे ऑपरेशन जितकं ‘यशस्वी’, तितकी जागा मोकळी. आतड्याचं वेटोळं त्या फटीत शिरतं, जेवणानंतर पोटात पीळ पडल्यासारखी कळ येते, कधी ती पाठीत जाते, आणि तासाभरात वेटोळं आपोआप बाहेर सरकतं. रुग्ण रांगेत उभा राहून सीटी स्कॅन करून घेईपर्यंत आत पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. कळ चालू असताना काढलेल्या स्कॅनमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या पिळलेल्या दिसू शकतात, पण ते चिन्ह शोधायचं आहे हे रेडिऑलॉजिस्टला आधी माहीत असावं लागतं. म्हणूनच पुन्हा पुन्हा अशी कळ येणाऱ्या बायपासच्या रुग्णात स्कॅन स्वच्छ असला तरी दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपीनं) पोटात प्रत्यक्ष पाहावं, असं या क्षेत्रातले अनुभवी सर्जन सांगतात. वेटोळं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत आतडं काळं पडतं.

हा धोका किती मोठा, याचं उत्तर स्वीडनमधल्या एका चाचणीनं दिलं. २,५०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांच्या फटी बायपास करतानाच टाके घालून बंद केल्या, उरलेल्यांच्या तशाच ठेवल्या. तीन वर्षांत आतडं अडकल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण फटी उघड्या असलेल्यांत १०.२ टक्के निघालं आणि बंद केलेल्यांत ५.५ टक्के. टाक्यांची किंमतही मोजावी लागली, कारण पहिल्या महिन्यातली गंभीर गुंतागुंत २.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली. पण इथं लक्षात घ्यायचं ते असं की टाके घातलेल्यांतही धोका शून्यावर आला नाही.

बाकीची कारणं त्यामानानं साधी आहेत, पण विचारल्याशिवाय तीही सापडत नाहीत. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताचे खडे होतात. मग तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं. जठर आणि आतड्याच्या सांध्यावर अल्सर होतो, आणि त्यामागे सिगारेट किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनची गोळी असण्याची शक्यता मोठी असते. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि मुरडा आला तर ते डम्पिंग. आपल्याकडे जास्त होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठर कापून नळीसारखं करतात, आतड्याची मांडणी बदलत नाही, त्यामुळे आतल्या हर्नियाचा प्रश्न येत नाही, मात्र छातीतली जळजळ आणि नळीसारखं झालेलं जठर मध्येच अरुंद होणं हे त्रास आहेत. आणि कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच. उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून धरायचं आणि रुग्णाला डोकं नि खांदे उचलायला सांगायचे. दुखणं कमी झालं नाही, उलट वाढलं, तर ते पोटाच्या भिंतीत, बहुधा तिथं अडकलेल्या एखाद्या नसेत असतं. अमेरिकी सर्जन जॉन कार्नेट यांची ही तपासणी १९२६ सालची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. म्हणूनच ती मागे पडली असावी.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप रास्त आहे. कारण शोधण्याला अंत नाही, प्रत्येक स्कॅनचे किरण अंगावर जातात, प्रत्येक ऑपरेशननंतर आत नव्या चिकटणी तयार होतात, आणि हे सगळं करूनही काहींच्या दुखण्याचं कारण मिळत नाही. खरं आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की शोध क्रमानं आणि मर्यादेत व्हावा. कारण मिळेपर्यंत उपचार थांबवावेत, हे त्यातून निघत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या नसा दीर्घ दुखण्यानं अतिसंवेदनशील होतात. त्यावर औषधं आहेत, आहारातले बदल आहेत, समुपदेशनही आहे. समुपदेशनाचा उपयोग झाला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. फक्त कडक वेदनाशामकांची वाट सोपी मानू नये. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑपरेशनआधी दीर्घकाळ अशी (ओपिऑइड) औषधं घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के लोक नंतरच्या वर्षातही ती घेतच होते. शिवाय ही औषधं आतड्याची हालचाल मंदावतात आणि स्वतःच पोट दुखवू शकतात.

दुसरा आक्षेप येतो तो परिणामावर. अशा चर्चेनं घाबरून गरजू माणूस ऑपरेशन टाळेल आणि मधुमेहानं जाईल, असं म्हटलं जातं. १९८७ पासून चार हजारांवर लोकांवर चाललेल्या स्वीडिश अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, तेव्हा फायद्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण डेन्मार्कमधल्या त्रास असलेल्या मंडळींनीच तब्येत सुधारल्याचंही सांगितलं आहे. दुखू शकतं हे आधी सांगितलेला माणूस दुखल्यावर वेळेत येतो. न सांगितलेला माणूस ‘आपणच हौसेनं ओढवून घेतलं’ म्हणून घरात गप्प बसतो, आणि घरचेही त्याला तेच ऐकवतात.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. ऑपरेशन मुंबई-पुण्यात होतं आणि कळ येते ती लातूरला किंवा चिपळूणला, मध्यरात्री. तिथल्या कॅज्युअल्टीत ‘बॅरिअ‍ॅट्रिक झालंय’ एवढंच सांगून भागत नाही. स्लीव्ह की बायपास, तारीख कोणती, फटी शिवल्या होत्या का, सर्जनचा नंबर काय, हे डिस्चार्ज कार्डवर हवं आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये हवा. सोबत दुखण्याची नोंद: काय खाल्लं, किती वेळानं दुखलं, कुठं, किती वेळ. आणि ऑपरेशननंतर दिवसेंदिवस उलट्या होऊन माणूस गळाला असेल, तर आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे सलाईन. ते ग्लुकोजचं असेल तर त्याआधी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला हवं. उलट्यांनी या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो, आणि अशा शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर नजर दुहेरी होऊ शकते, तोल जाऊ शकतो, बोलण्यात गोंधळ येऊ शकतो. उपचाराला उशीर झाला तर स्मृतीचं झालेलं नुकसान पुढे भरून येईलच असं नाही. हे इंजेक्शन स्वस्त आहे आणि तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं.