भिंत जाड, तरी पाय गार

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर बघायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात जे माहितीपत्रक पडते, त्यात अनेकदा 'छत आर-३८' असे ठळक अक्षरात छापलेले असते. आर हा उष्णतेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा. तो जितका मोठा, तितकी ऊब सावकाश निसटते. तिथल्या घरांच्या माळ्यावर आर-३८ गाठायला ग्लासवूलचा जवळपास ३० सेंटीमीटर जाड थर अंथरावा लागतो. ट्रेलरचे अख्खे छतच बहुधा १०-१२ सेंटीमीटरचे असते. मग हा आकडा येतो कुठून?

बऱ्याचदा तो येतो चंदेरी बबल-शीटमधून. हवेचे बुडबुडे असलेले प्लास्टिक, दोन्ही बाजूंना चकचकीत मुलामा, आणि ती म्हणजे जादूची चादर असा सार्वत्रिक समज. ही चादर किरणांच्या रूपाने येणारी उष्णता परतवते हे खरेच आहे. मात्र त्यासाठी तिच्या चकचकीत बाजूसमोर एक-दोन सेंटीमीटर मोकळी हवा लागते. प्लायवूड आणि पत्रा यांच्यात दाबून बसवली की परतवायला काही उरतच नाही. उरते फक्त आठेक मिलिमीटरचे प्लास्टिक, ज्याचा आर जेमतेम १ भरतो. बाकीचा आकडा कागदावरच्या बेरजेचा.

'फोर सीझन', म्हणजे चारही ऋतूंत चालणारी गाडी, या शब्दांचेही तेच. अमेरिकेत या दोन शब्दांना कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ते स्टिकर लावते. युरोपात मात्र कॅराव्हॅनसाठी ईएन १६४५ आणि मोटरहोमसाठी ईएन १६४६ अशी मानके आहेत. त्यांतल्या तिसऱ्या श्रेणीच्या चाचणीत बाहेर उणे १५ अंश असताना गारठलेली गाडी चार तासांच्या आत २० अंशांवर यावी लागते. तिथले गिऱ्हाईक श्रेणी विचारते. अमेरिकेतल्याने निदान 'चाचणी कुठे आणि किती तापमानाला केली?' एवढे तरी विचारावे.

गारठलेल्या मालकाचा पहिला संशय भिंतीवर जातो. लाकडी सांगाडा असलेल्या साध्या ट्रेलरची भिंत खरोखरच पातळ असते, आतली पोकळी अवघी ३८ मिलिमीटर. म्हणून लोक आतले पॅनेल उचकटतात आणि ग्लासवूल ठासून भरतात. जास्त माल म्हणजे जास्त ऊब, असा हिशेब. तो चुकतो, कारण ऊब ग्लासवूल धरत नाही. त्याच्या तंतूंत अडकलेली स्तब्ध हवा धरते. आर-१९ चे १६ सेंटीमीटर जाड ग्लासवूल ९ सेंटीमीटरच्या पोकळीत कोंबले, तर हाती आर-१३ च्या आसपासच लागतो. पोकळीपेक्षा जाड माल घेणाऱ्याचे पैसे दाबण्यात जातात.

आणि मुळात, वारा आत येत असेल तर भिंतीला हात लावण्यात काहीच हशील नाही. माळशेजच्या वाऱ्यात नुसता लोकरीचा स्वेटर घालून उभे राहिलेल्याला हे सांगावे लागत नाही: वर पातळ विंडचीटर चढवला की तोच स्वेटर अचानक उबदार होतो. ट्रेलरमध्ये आधी विंडचीटरचे काम, मग स्वेटरचे.

वारा येतो कुठून? क्वचितच खिडकीतून, जिथे सगळे आधी बघतात. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात, जिथे अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर तयार होतात, एकेक गाडी झपाट्याने पुढे सरकते. नळ आणि वायरी नेण्यासाठी जमिनीला पाडलेली भोके त्या घाईत नळापेक्षा बरीच मोठी राहतात. सिंकखालचे कपाट, बॅटरी चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरची मागची बाजू, चाकांवरचे उंचवटे, पलंगाखालच्या सामानाच्या कप्प्याचे बाहेरचे दार, शेगडीवरच्या पंख्याची सैल झडप, बाहेर सरकणाऱ्या खोलीचे चार कोपरे: खरी गळती इथे. शोधायची रीत स्वस्त आहे. वाऱ्याच्या दिवशी गॅसची सगळी उपकरणे बंद ठेवायची, खिडक्या लावायच्या, छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा चालवायचा आणि एकेका कोपऱ्याशी पेटती उदबत्ती धरायची. धूर आडवा झाला की जागा सापडली. भोकात आधी तारेची घासणी कोंबायची, म्हणजे उंदीर कुरतडून आत येत नाहीत, आणि वरून डब्यातला फुगणारा फोम. दाराच्या कडेला नवी रबरी पट्टी. अख्ख्या भिंतीच्या इन्सुलेशनपेक्षा हे अर्ध्या दिवसाचे काम रात्री जास्त जाणवते.

इथेच सगळ्यांत धोकादायक गैरसमज दबा धरून असतो: दिसले भोक की बुजव.

काही भोके मुद्दाम ठेवलेली असतात. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणून गॅसच्या टाकीच्या कप्प्यात, आणि युरोपीय कॅराव्हॅनमध्ये थेट जमिनीतही, खालच्या बाजूला जाळीची भोके ठेवतात. तिथल्या ईएन ७२१ या मानकाने हवा खेळण्यासाठीच्या अशा झरोक्यांची सक्ती केली आहे. कडाक्याच्या रात्री पायाशी गार झुळूक लागली म्हणून तीच भोके गालिच्याने झाकली जातात. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागच्या बाहेरच्या जाळ्यांचीही हीच गत. तिथून थंडी आत शिरते ही तक्रार खरी असते, पण दोष जाळीचा नसतो. फ्रिजची मागची पोकळी आणि राहण्याची जागा यांच्यातला सांधा उघडा राहिलेला असतो. बंद करायचा तो सांधा. जाळी बंद केली तर ज्योतीला हवा मिळत नाही आणि जळलेल्या वायूला वाट मिळत नाही.

ट्रेलर तापवणारी मूळची गॅसची भट्टी त्यामानाने निर्धोक. ती जळण्यासाठी हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर सोडते. शेगडी तसे करत नाही, आणि गॅसच्या टाकीवर बसवायचे छोटे हीटरही करत नाहीत. ते खोलीतलाच ऑक्सिजन वापरतात. रात्री झोपताना असा हीटर चालू ठेवून सगळ्या फटी बंद करणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण, आणि त्याला ना रंग ना वास.

बंदिस्तपणाचा दुसरा धडा कतरिना वादळाने दिला. २००५ साली न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त झाल्यावर अमेरिकी सरकारने बेघरांना हजारो ट्रेलर दिले. काही महिन्यांत डोळे चुरचुरणे, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी सुरू झाल्या. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होममधली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी ७७ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ७७) निघाले. काही ठिकाणी ते ५९० पर्यंत गेले होते. हा वायू प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डाच्या डिंकातून सुटतो, आणि उष्णता वाढली की जास्त सुटतो. चाचणी थंडीत झाली होती, म्हणजे लुइझियानाच्या दमट उन्हाळ्यात हे आकडे वर गेले असण्याचीच शक्यता अधिक. छोटी जागा, भरपूर चिकटवलेले लाकूड आणि कोंडलेली हवा यांचा तो परिणाम होता. २०१० मध्ये अमेरिकेने अशा लाकडासाठी कायदा केला, त्यामुळे आजचे ट्रेलर बरे आहेत. तरी नव्या गाडीच्या आतल्या बाजूला एकेक फट लिंपून बसणाऱ्याने छताचा झरोका बोटभर उघडा ठेवावा, हे बरे.

झरोक्याची गरज पाण्यासाठीही असते. सकाळी खिडकीवरून ओघळ वाहताना दिसले की मालक छत गळते म्हणून शिडी काढतो. पाणी बहुतेक वेळा आतलेच असते. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि एकेरी काच थंडीत त्याहून कितीतरी गार असते. त्यात एक किलो प्रोपेन जळला की रसायनशास्त्राच्या नियमाने १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडते. उघड्या ज्योतीचा हीटर म्हणजे खोलीत तेवढे पाणी ओतणे. झोपलेली माणसे वर आपल्या श्वासाची भर घालतात. ही वाफ भिंतीत शिरली की लाकूड आतून कुजते. थोडी ऊब गमावून हवा बदलणे स्वस्त पडते.

'ऊब वर जाते, म्हणून छत सांभाळा' हे अर्धेच खरे. घराखाली जमीन असते. ट्रेलरखाली वारा वाहतो. नॉर्थ डकोटातल्या विलिस्टनच्या आसपास २०१० च्या सुमारास तेलाची भरभराट झाली, घरे कमी पडली आणि कामगारांनी उणे ३० अंशांचे हिवाळे ट्रेलरमध्ये काढले. त्यांच्या गाड्यांच्या खालच्या कडेने जमिनीपर्यंत उभे केलेले गुलाबी-निळे फोमचे तक्ते तिथले नेहमीचे दृश्य होते. वारा अडला की जमिनीची थोडीशी ऊब खाली साठते, नळ गोठायचे वाचतात आणि पाय सुन्न होत नाहीत. फोमऐवजी पेंढ्याच्या गासड्या रचणारेही असतात. त्यात उंदरांची सोय होते आणि ठिणगी पडली तर आगीचीही. काहीही लावले तरी भट्टीच्या धुराचे तोंड मोकळे हवे, बर्फ पडल्यावर तर रोज बघायला हवे.

धातूचा सांगाडा मजबूत, म्हणून उबदारही, असे मानणाऱ्यांनी एअरस्ट्रीम या कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या आतल्या भिंती थंडीत पाहाव्यात. बाहेरचा आणि आतला पत्रा एकाच अॅल्युमिनियमच्या फासळीला रिव्हेटने जोडलेला, आणि अॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहते. फासळ्यांच्या मधे कितीही भरा, थंडी फासळीवरून चालत येते. रिव्हेटच्या डोक्यांवर दवाचे थेंब ओळीने उभे राहतात. उपाय एकच, धातू आणि आतले पॅनेल यांच्या मधे फोमची सलग पट्टी.

राहिला उन्हाळा. इन्सुलेशन थंडीपुरतेच, असे समजून सुटीत यलोस्टोन किंवा ॲरिझोनाला भाड्याची गाडी घेऊन निघालेली मराठी कुटुंबे दुपारी एसीच्या भरवशावर बसतात, आणि तो सतत घरघरत राहतो. थंडीत ज्या फटींतून ऊब जाते, त्यांतूनच आता धग आत येते. चंदेरी चादरीचे खरे काम इथे आहे, फक्त ती बहुतेक जण काचेच्या आतून लावतात. तोवर ऊन काचेतून आत आलेले असते, आणि त्यातला बराचसा ताप काच आणि चादर यांच्या मधे अडकतो. तीच चादर काचेच्या बाहेरून ताणली तर ऊन बाहेरच परतते. हिवाळ्यातही बाहेरून लावलेले जाड आवरण बरे, कारण काच आतल्या उबेच्या बाजूला राहते आणि तिच्यावर दव कमी धरते.