खजुराचा डबा आणि यादीतून सुटलेले

दुबई विमानतळावरचं ड्यूटी फ्री सुरू झालं २० डिसेंबर १९८३ रोजी. ते उभं करायला माणसं आली आयर्लंडच्या शॅननहून. या धंद्याची सुरुवातच १९४७ साली तिथल्या विमानतळावर झाली होती. त्या काळात रत्नागिरी-खेड-श्रीवर्धनकडचा दुबईतला नोकरदार सुट्टीवर निघे, तेव्हा त्याची खरी खरेदी दुबईच्या देरा भागातल्या बाजारात आधीच उरकलेली असे. ब्लँकेट, टेपरेकॉर्डर, साड्या, सगळं खोक्यात भरून वर सुतळी करकचून आवळलेली. विमानतळावर घ्यायचं ते यादीतून सुटलेल्यांसाठी. एखादा साडू, शेजारचे मास्तर, मुंबईच्या सहार विमानतळावर गाडी घेऊन येणारा चुलतभाऊ. मग अत्तराची बाटली, सिगारेटचं कार्टन, चॉकलेटची पिशवी. घाईत घेतलेलंही गावात भाव खाऊन जाई, कारण ते ‘फॉरेनचं’ असे आणि इथे मिळत नसे.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर हा भाव उतरत गेला. तिकोनी टॉब्लेरॉन आज कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातही असतं. तरी लोक ते आणतातच, का ते देव जाणे.

मोठ्या वस्तूंचं गणित मात्र कस्टमवर चाले. २०१३ पर्यंत मुंबई विमानतळाच्या बेल्टवर सपाट टीव्हीची खोकी एकामागून एक येत. कुणी दुसऱ्याचा टीव्हीही आपल्या नावावर आणून देई, तेवढीच ओळख राहते म्हणून. रुपया घसरला, सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून टीव्हीची सवलत काढून घेतली आणि ३६ टक्क्यांच्या आसपास शुल्क बसू लागलं. खोकी गायब झाली. सोन्याचा काउंटर तेवढा गजबजलेला राहिला. तिथे खिशात उरलेल्या दिरहमांचं छोटं नाणं करून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. बोर्डिंगची शेवटची हाक झालेली, आणि एखादा तराजूच्या काट्याकडे डोळे लावून उभा.

माझ्या मते या सगळ्यांत खजूर खरा. पिकतो तिथलाच, पोटात बदाम भरलेला, पत्र्याच्या डब्यात नीट बसतो, आणि घरात वृद्धांपासून पोरांपर्यंत कुणाला ‘तुझ्यासाठी काय आणू’ विचारावं लागत नाही. २००८ मध्ये उंटिणीच्या दुधाचं चॉकलेट आलं. ते लोक नवलाई म्हणून एकदा घेतात.

पिस्ता-कुनाफा भरलेल्या चॉकलेटच्या वडीने मात्र चक्र उलटं फिरवलं. २०२१ मध्ये दुबईत जन्मलेली ही वडी २०२३च्या अखेरीस मोबाइलवरून जगभर पोचली. पूर्वी आणणारा ठरवी, आता घरून फर्मान सुटतं. गेटकडे चालताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, त्यावर बाण काढलेला: हीच, दुसरी नको. तशी वडी आता मुंबईतही बनते. भाचीला हे सांगून पाहिलं. तिला ती विमानतळावरचीच हवी होती, ड्यूटी फ्रीच्या पिशवीसकट.